साक्षीदार फितूर, न्यायाधीश गप्प : बेस्ट बेकरी खटल्याचा अभ्यास

पुरावा कायदा शिकवताना पहिल्याच आठवड्यात मी मुलांना कलम १६५ मोठ्यानं वाचायला लावतो. १८७२ च्या कायद्यातलं हे कलम आता भारतीय साक्ष अधिनियमात १६८ व्या क्रमांकावर गेलं आहे, पण मजकूर जवळपास तोच आहे. न्यायाधीशाला वाटेल तो प्रश्न, वाटेल त्या स्वरूपात, वाटेल त्या वेळी, कुठल्याही साक्षीदाराला विचारता येतो. प्रश्न मुद्द्याशी संबंधित असो वा नसो, वकिलांना त्याला हरकत घेता येत नाही. अट एवढीच, की निकाल मात्र संबंधित आणि रीतसर सिद्ध झालेल्या गोष्टींवरच द्यायचा. वर्गातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, मग वकिलांचं कामच काय उरलं?" त्यांना वाटतं, हा अधिकार न्यायाधीश रोज उठून वापरत असतील.

त्यानंतर मी बेस्ट बेकरीची फाइल काढतो, २००२ च्या गुजरात दंगलीतल्या जळीतकांडाच्या खटल्याची.

आपल्याकडे मानवी हक्कांवर बोलताना नवा कायदा हवा, नवं प्राधिकरण हवं, अशी मागणी सवयीनं होते. हे प्रकरण त्या सवयीला चांगलाच चाप लावतं. २००२-०३ मध्ये लागणारं जवळपास सगळं पुस्तकात होतं. न्यायाधीशाला प्रश्न विचारायचा अधिकार होता, साक्षीदार परत बोलावायचा होता, अपिलात नवा पुरावा घ्यायचा होता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग होता, त्याला न्यायालयात जायची वाट होती. तरी खटला कोसळला. तो पुन्हा उभा राहिला तोही याच जुन्या कलमांवर. दोन्ही वेळा कायदा एकच होता. फरक पडला तो खुर्चीत बसलेल्यानं त्या अधिकाराचं काय केलं यामुळे.

काय घडलं

१ मार्च २००२ च्या रात्री वडोदऱ्यातल्या हनुमान टेकरी भागात जमावानं बेस्ट बेकरीला वेढा घातला. गोध्राची घटना दोनच दिवसांपूर्वीची. खाली भट्टी आणि वर राहतं घर अशी ती इमारत होती. जाळपोळ रात्रभर चालली, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरही थांबली नाही. १४ माणसं मेली, त्यात मालकाच्या घरातली माणसं होती, बायका-मुलं होती, बेकरीत राबणारे कामगार होते. मालकाची तरुण मुलगी वाचली. तिच्याच जबाबावरून फिर्याद नोंदली गेली आणि खटल्याची मुख्य साक्षीदार तीच ठरली. तिचं नाव त्या काळात रोज छापून येत होतं, निकालांच्या शीर्षकातही आहे. या लेखाचं त्यावाचून अडत नाही.

वडोदऱ्याच्या जलदगती न्यायालयात २१ आरोपींवर खटला चालला. साक्षी २००३ च्या मे-जूनमध्ये उरकल्या. उरकल्या हाच शब्द योग्य आहे. १७ मे रोजी मुख्य साक्षीदार पिंजऱ्यात आली आणि आपण कुणालाच ओळखत नाही असं सांगून मोकळी झाली. घरच्यांनीही तेच सांगितलं. एकामागून एक साक्षीदार फितूर होत गेले. २७ जून २००३ ला सगळेच्या सगळे २१ आरोपी निर्दोष सुटले.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही जिल्हा न्यायालयात बसणाऱ्या वकिलाला नवी नाही. साक्षीदार फुटतात. पैशानं फुटतात, भीतीनं फुटतात, कंटाळूनही फुटतात. तीन तारखांना एसटीचं तिकीट खर्चून यायचं आणि चौथ्या तारखेला "साहेब रजेवर आहेत" ऐकून परत जायचं, अशानं माणूस काय बोलणार? पण इथे फुटलेल्या साक्षीदारांइतकीच महत्त्वाची होती ती कोर्टासमोर आलीच नाहीत अशी माणसं. जखमी प्रत्यक्षदर्शींना आणण्यासाठी जे प्रयत्न व्हायला हवे होते ते झाले नाहीत. एकाला मानसिक स्थिती ठीक नाही या कारणावरून सोडून देण्यात आलं. उलट, आरोपींचे नातेवाईक सरकार पक्षाचे साक्षीदार म्हणून तपासले गेले! सरकारी वकिलानं स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घ्यावा तसं. किंवा तो धोंडा मुद्दामच उचलला होता. सर्वोच्च न्यायालयाला नंतर तशीच शंका आली, आणि सरकारी वकील बचाव पक्षाच्या वकिलासारखा वागल्याचे ताशेरे त्यांनी ओढले.

आणि न्यायाधीश? त्यांनी समोर आलं ते लिहून घेतलं. मुख्य फिर्यादी फितूर होते, तिच्या घरची माणसं फितूर होतात, साक्षीदारांची रांगच्या रांग एकच पाठ म्हणते, तेव्हा खुर्चीतल्या माणसाला काही विचारावंसं वाटायला हवं होतं. तुम्हाला कुणी भेटलं का, कुणी दम दिला का, हा जबाब तुम्हीच दिला होता ना, मग आज काय बदललं? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ खाली कुणालाही परत बोलावता आलं असतं. राहिलेल्या जखमींचे समन्स पुन्हा काढता आले असते. यातलं काही झालं नाही.

न्यायाधीशांना मी इथे खलनायक करणार नाही. आपल्याकडे न्यायाधीश घडतो तो गप्प राहण्याच्या संस्कारात. "लढाई वकिलांची, आपण पंच" हे त्याला पहिल्या दिवसापासून ऐकवलं जातं. जलदगती न्यायालयावर निकालांच्या आकड्याचा दट्ट्या वेगळा. फितूर साक्षीदाराला खोदून विचारत बसलेला न्यायाधीश त्या महिन्याच्या तक्त्यात मागे पडतो.

आयोग

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ मध्ये स्थापन झाला. कायदा मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 'पॅरिस तत्त्वं' स्वीकारली. अशी राष्ट्रीय संस्था सरकारपासून स्वतंत्र हवी, तिचा पैसा आणि माणसं तिच्या हातात हवीत, तिला तक्रारी ऐकता याव्यात, असं त्यांचं सार. आपल्या आयोगाला चौकशी करताना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण चौकशीअंती तो शिफारस करतो. हुकूम काढत नाही. त्यामुळे तो बिनदाताचा वाघ आहे असं कायम बोललं जातं, आणि मणिपूरच्या कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात तर २०१७ मध्ये आयोगाच्याच बाजूनं सर्वोच्च न्यायालयापुढे हे रडगाणं गायलं गेलं.

गुजरातमध्ये मात्र वाघानं दात नसतानाही बराच पल्ला मारला. १ मार्च २००२ लाच आयोगानं बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. अध्यक्ष न्या. जे. एस. वर्मा यांच्यासह पथक १९ ते २२ मार्च गुजरातेत फिरलं. एप्रिलच्या सुरुवातीला आयोगानं शिफारस केली, की पाच मोठी प्रकरणं राज्य पोलिसांकडून काढून सीबीआयकडे द्यावीत. त्या पाचांत बेस्ट बेकरी होतं. राज्य सरकारनं ते मानलं नाही, आणि आयोगाला ते मानायला लावता आलं नाही. शिफारशीचं जे होतं ते झालं.

हा टप्पा विसरू नये. एप्रिल २००२ मध्ये तपास हलला असता तर जून २००३ ची सुटका कदाचित टळली असती. इशारा वेळेवर दिला गेला होता. तो ऐकण्याचं बंधन कुणावर नव्हतं.

जुलै २००३ मध्ये मुख्य साक्षीदार मुंबईला आली. पत्रकारांसमोर तिनं सांगितलं, की जिवाच्या भीतीनं आपण कोर्टात खोटं बोललो. एका स्थानिक आमदाराकडे तिचा रोख होता. त्याच महिन्यात दिल्लीला आयोगापुढे तिचा जबाब नोंदला गेला. तोवर अध्यक्षपदी न्या. ए. एस. आनंद आले होते. इथे आयोगापुढे दोन वाटा होत्या. नेहमीची म्हणजे अहवाल लिहायचा, राज्याला नोटीस काढायची, उत्तराची वाट पाहायची. दुसरी थेट सर्वोच्च न्यायालयात जायची. जुलैच्या अखेरीस आयोगानं संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका टाकून निर्दोष सुटकेलाच आव्हान दिलं, फेरखटला राज्याबाहेर चालावा असं मागितलं, आणि गोध्रासह इतर मोठ्या खटल्यांसाठीही बदलीचा अर्ज दिला. आयोगाच्या तोवरच्या दहा वर्षांत हे पाऊल अपवादात्मकच होतं.

याचिकेचा परिणाम निकालाची वाट न पाहता दिसला. राज्य सरकारनं उच्च न्यायालयात केलेलं अपील किती पोकळ आहे हे सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयासमोर उघडं पडलं. सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांनी राज्याच्या अभियोग यंत्रणेवर विश्वास उरला नसल्याचं भर कोर्टात सांगितलं आणि मुख्य सचिव व पोलीस महासंचालकांना हजर राहायला लावलं. मग अपिलात सुधारणा झाली. २६ डिसेंबर २००३ रोजी गुजरात उच्च न्यायालयानं ते तरीही फेटाळलं. अपिलात जादा पुरावा घेण्याचा अधिकार कलम ३९१ नं दिलेला असताना तो वापरायची गरज त्यांना वाटली नाही. साक्षीदाराला मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांवर मात्र निकालात कडक शेरे होते. सर्वोच्च न्यायालयानं ते पुढे काढून टाकले.

१२ एप्रिल २००४

न्या. दोराईस्वामी राजू आणि न्या. अरिजित पसायत यांच्या खंडपीठापुढे साक्षीदार तरुणी, एक नागरी संघटना आणि खुद्द गुजरात सरकार अशी सगळ्यांची अपिलं होती. निकाल फेरखटल्याचा लागला, तोही गुजरातबाहेर, मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात. न्यायालय मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींनी ठरवायचं. सरकारी वकील नवा, आणि नेमताना पीडितांचं म्हणणं ऐकायचं. साक्षीदारांना संरक्षण द्यायचं. सुनावणी रोजच्या रोज, आणि २००४ संपण्याआधी खटला संपवायचा.

बेकरी जळत असताना दुसरीकडे पाहणाऱ्यांना निकालानं दिलेली 'आधुनिक निरो' ही उपमा वर्तमानपत्रांनी उचलली आणि आजही लोकांना तेवढीच आठवते. माझ्या लेखी निकालाचा गाभा दुसरीकडे आहे. न्यायाधीशानं नुसता प्रेक्षक आणि नोंद घेणारं यंत्र होऊन बसू नये, त्यानं खटल्यात भाग घेतला पाहिजे, सत्य बाहेर यावं यासाठी १६५ आणि ३११ ही कलमं वापरलीच पाहिजेत, असं तिथे म्हटलं आहे. आरोपीला जसा न्याय्य खटल्याचा हक्क, तसा पीडितालाही आणि समाजालाही. उघडपणे पक्षपाती तपास आणि ढिला अभियोग यांवर उभा राहिलेला खटला हा खटलाच नव्हे, लुटुपुटीचा फार्स आहे.

आता हा भाग शिकवताना गंमत होते. 'प्रेक्षक आणि नोंदयंत्र' हे शब्द मूळचे बेस्ट बेकरीतले नाहीत. ते १९८१ च्या राम चंदर विरुद्ध हरियाणा या निकालातून, न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या लेखणीतून आले. आणि त्या खटल्यात झालं होतं नेमकं उलटं! तिथे सत्र न्यायाधीश गप्प बसले नव्हते. साक्षीदार जबाब फिरवू लागले तेव्हा त्यांनी दम भरला, खोट्या साक्षीबद्दल खटला भरण्याची धमकी दिली, आणि साक्षीदार घाबरून सरकार पक्षाला हवं ते बोलू लागले. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. न्यायाधीशानं भाग घ्यावा, पण सरकारी वकिलाची भूमिका घेऊ नये. विचारावं, पण घाबरवू नये.

म्हणजे एकाच वाक्याच्या एका टोकाला वडोदऱ्याचा मुका न्यायाधीश आहे आणि दुसऱ्या टोकाला हरियाणाचा दरडावणारा. मधली जागा कुठे असते हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही, लिहिता येणारही नाही. प्रश्नाचा सूर, प्रश्नाची वेळ, प्रश्न विचारण्याआधी साक्षीदाराला दिलेला पाण्याचा पेला, आरोपीचे नातेवाईक दारात उभे आहेत का हे बघण्याची नजर, असल्या बारीकसारीक गोष्टींत ती असते. न्यायाधीशांचं प्रशिक्षण म्हणून मला हवं आहे ते हेच. भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीत किंवा आपल्याकडे भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमीत मानवी हक्कांवर व्याख्यानं होतात, व्हायलाही हवीत. पण जागतिक जाहीरनाम्याची कलमं ऐकून कुणाला उलट फिरलेल्या साक्षीदाराशी बोलता येत नाही. ते पोहण्यासारखं आहे, पाण्यात उतरल्याखेरीज येत नाही. खोटं कोर्ट मांडा, एकाला फितूर साक्षीदार करा, एकाला आडमुठा सरकारी वकील करा, आणि प्रशिक्षणार्थी न्यायाधीशाला खुर्चीत बसवा. मग पाहा तो किती वेळानं तोंड उघडतो.

माझगाव

फेरखटला मुंबईत माझगावच्या विशेष न्यायालयात न्या. अभय ठिपसे यांच्यापुढे ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाला. चौघे फरारी होते, १७ जण उभे राहिले. महिनाभरात मुख्य साक्षीदार पुन्हा फिरली. वडोदऱ्यात पत्रकार परिषद घेऊन तिनं आधी मदत करणाऱ्यांवरच आरोप केले, आणि मुंबईच्या कोर्टातही ती उलटली.

ज्या साक्षीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं खटला उचलून दुसऱ्या राज्यात आणला, ती साक्षच हातची गेली. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. पण खटला या वेळी पडला नाही, आणि त्याचं कारण पाहण्यासारखं आहे. बेकरीत त्या रात्री असलेले, स्वतः जखमी झालेले कामगार इथे पिंजऱ्यापर्यंत आणले गेले. परप्रांतातून पोटासाठी आलेली ही माणसं. बातम्यांत त्यांना कधी जागा नव्हती, कुणी त्यांचे फोटो छापले नव्हते. त्यांनी पाहिलं ते सांगितलं, आरोपी ओळखले, आणि उलटतपासणीत टिकले. २४ फेब्रुवारी २००६ ला निकाल लागला : ९ जणांना जन्मठेप, ८ निर्दोष. वर्षअखेरची मुदत चौदा महिन्यांनी हुकली होती, पण खटला पूर्ण झाला होता.

सगळा भार एका साक्षीदारावर टाकायचा नसतो, हे तपास अधिकाऱ्याला शिकवायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. वडोदऱ्यात एक मुलगी फुटली आणि खटला संपला. माझगावात तीच मुलगी पुन्हा फुटली, तरी खटला चालू राहिला.

तिचं काय झालं? सर्वोच्च न्यायालयानं आपल्या महाप्रबंधकांकडून (रजिस्ट्रार जनरल) चौकशी करवली. ती वेळोवेळी पवित्रे बदलत गेली आणि यात पैसा फिरला, असा चौकशीचा कल होता. ८ मार्च २००६ ला न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला एक वर्षाची साधी कैद झाली आणि ५०,००० रुपये खर्चापोटी भरायला सांगितलं गेलं. दोन दिवसांनी ती भायखळ्याच्या तुरुंगात गेली. जागतिक महिला दिनी सुनावलेली शिक्षा, हे मी मुद्दाम जोडत नाही, तारीखच तशी पडली. कायद्याच्या भाषेत शिक्षा योग्य असेल. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे आणि तिनं ते एकदा नाही, अनेकदा केलं. तरी माझा घास इथे अडतो. घरच्यांना जळताना पाहिलेली मुलगी तुरुंगात गेली. तिला फिरवल्याचा संशय ज्यांच्यावर होता त्यांचं प्रकरण प्राप्तिकर खात्याच्या चौकशीपाशी रेंगाळलं. साक्षीदाराला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा करणारं भारतीय दंड संहितेचं कलम १९५अ एप्रिल २००६ मध्ये अमलात आलं, म्हणजे ती आत गेल्यावर महिनाभरानं.

आणखी एक गोष्ट मानवी हक्कवाले सहसा सांगत नाहीत. ९ जुलै २०१२ ला मुंबई उच्च न्यायालयानं नऊपैकी चौघांची जन्मठेप कायम ठेवली, ती जखमी कामगारांच्या साक्षीच्या बळावर. पाच जणांना सोडलं. फरारी असलेल्यांपैकी दोघे पुढे सापडले, त्यांचा वेगळा खटला मुंबईत चालला आणि २०२३ मध्ये तेही निर्दोष ठरले. पहिला खटला धड चालला असता तर या पाच जणांचा निवाडाही वेळेवर झाला असता. एकदा सुटून पुन्हा आत जायचं आणि मग इतक्या वर्षांनी पुन्हा निर्दोष ठरायचं, हाही हक्कांचाच प्रश्न आहे. फितूर साक्षीदार फक्त पीडिताचं नुकसान करतो असं नाही.

नंतर काय बदललं

बरंच बदललं, आणि त्यातलं थोडं खरंखुरं बदललं. आयोगाच्या अर्जावरच पुढे मार्च २००८ मध्ये आर. के. राघवन यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, आणि गुजरातच्या मोठ्या खटल्यांची दिशा त्यातून ठरली. आयोगानं साथ दिलेला एका सामूहिक बलात्कार पीडितेचा खटलाही २००४ मध्ये मुंबईत आला आणि २००८ मध्ये शिक्षा झाल्या. एका संस्थेनं एकदा नेहमीची वाट सोडली, त्याचं हे फळ.

५ डिसेंबर २०१८ ला महेंदर चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मंजूर करून तिला कायद्याचं बळ दिलं. महाराष्ट्रानं त्याआधीच, २०१७ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नं प्रत्येक राज्याला अशी योजना आखणं सक्तीचं केलं आहे. कागदावर सगळं छान आहे : जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती, धोक्याच्या तीन श्रेण्या, घर बदलण्यापासून ओळख बदलण्यापर्यंतचे उपाय. पण साक्षीदाराला धोका किती, हा अहवाल देतं कोण? त्याच भागातला पोलीस अधिकारी. बेस्ट बेकरीच्या साक्षीदारांची तक्रारच मुळी स्थानिक यंत्रणेबद्दल होती. त्यांनी संरक्षणाचा अर्ज केला असता तर तो फिरून पुन्हा तिथेच गेला असता.

गंमत म्हणजे आयोगाचीही गोची हीच आहे. मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे त्याचा तपास विभाग पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याखाली चालतो, आणि माणसं बहुतेक पोलीस दलातून प्रतिनियुक्तीवर येतात. कोठडीतल्या मारहाणीची चौकशी उद्या मूळ दलात परतणारा माणूस करणार. राष्ट्रीय संस्थांना दर्जा देणाऱ्या जागतिक मंडळानं २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आपल्या आयोगाच्या 'अ' दर्जाचा निर्णय लांबणीवर टाकला, त्यातला एक मोठा आक्षेप हाच. २०१९ च्या दुरुस्तीनं अध्यक्ष-सदस्यांची मुदत पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. त्यानं संस्था बळकट झाली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घटना घडून वर्ष उलटलं की तक्रार घेता येत नाही, ही अट तर पहिल्यापासूनची.

याच अधिनियमात कलम ३० आहे. जिल्ह्याजिल्ह्यात एखादं सत्र न्यायालय 'मानवी हक्क न्यायालय' म्हणून घोषित करता येतं, आणि कलम ३१ नं त्यासाठी खास सरकारी वकीलही नेमता येतो. बऱ्याच राज्यांनी अधिसूचना काढल्या. पण या न्यायालयानं नेमके कोणते गुन्हे चालवायचे हे कायद्यानं सांगितलंच नाही. दारावर पाटी लागली, आत नेहमीचीच प्रकरणं. त्या न्यायाधीशांना पाटीसोबत प्रशिक्षण मिळालं असतं तर कदाचित त्यांनीच काही वाट काढली असती.

जिथे प्रशिक्षण आणि व्यवस्था हातात हात घालून आली असं एक उदाहरण आहे, आणि ते महाराष्ट्रातून निघालेल्या एका प्रकरणातलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी (लहान मुलं, अत्याचारपीडित वगैरे) वेगळं साक्ष केंद्र उभारायला सांगितलं. आरोपी समोर दिसणार नाही अशी खोली, वाट पाहायला वेगळी जागा. सोबत न्यायाधीश, वकील आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी न्या. गीता मित्तल यांची समिती नेमली. खोली बांधायची आणि त्या खोलीत बोलायचं कसं हेही शिकवायचं, दोन्ही एकाच आदेशात. मला हा आदेश 'आधुनिक निरो'पेक्षा मोठा वाटतो, जरी त्याची बातमी आतल्या पानावर आली.

वर्गात हे प्रकरण संपवताना मी मुलांना घरचा अभ्यास देतो. तारीख १७ मे २००३, खुर्चीत तुम्ही. समोर साक्षीदार म्हणाली, मी कुणालाच ओळखत नाही. सरकारी वकील खाली बसला आहे, बचाव पक्षाला उलटतपासणी नको आहे. कलम १६५ खाली पाच प्रश्न लिहून आणा. बहुतेक जण पोलीस जबाबातल्या विसंगती काढून आणतात. बिनचूक आणि निरुपयोगी, कारण तिचं उत्तर ठरलेलं आहे. मागच्या वर्षी एका मुलीनं पाचऐवजी एकच प्रश्न आणला होता : "तुम्ही आज कोर्टात कुणाबरोबर आलात?" आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, हा प्रश्न विचारण्याआधी कोर्ट रिकामं करून घ्यावं, जेवणाची सुट्टी द्यावी, साक्षीदाराला स्टाफच्या खोलीत बसवावं.